स्पेक्ट्रमचा कान

जुन्या संगणकाला बाहेरचा स्पीकर किंवा हेडफोन कसा जोडायचा, हा काय इतिहासाचा विषय झाला? असं घरातल्या दोघातिघांनी मला विचारून झालं आहे. इतिहास म्हणजे पानिपत, राज्याभिषेक, फार तर गिरणी कामगारांचा संप! आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलेल्या बाईने या वायरींच्या भानगडीत का पडावं? पण मंडळी, एखाद्या वस्तूतून आवाज बारीक का येतो, तो मोठा करायचा तर वायर कुठल्या भोकात घालायची आणि त्या भोकाला तेच नाव का पडलं, हे शोधत गेलं की त्यात माणसं सापडतात, त्यांची काटकसर सापडते, हौस सापडते. मला तरी एवढं पुरतं.

आमच्या घरात एक ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ आहे. माझे धाकटे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, यांनी १९८९ साली हौसेने घेतलेला. इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीच्या झेडएक्स स्पेक्ट्रमची ही परवाना घेऊन भारतात काढलेली आवृत्ती. काढणारी कंपनी पुण्याची आणि तिचं नाव डेसी बेल्स. आवाज मोजायचं माप डेसिबल, आणि हा संगणक नेमका आवाजातच सगळ्यात गरीब! भाऊजी आता नाहीत. यंत्र पुतण्याकडे आहे आणि ते अजून चालतं. त्याचा बारीक आवाज नीट ऐकू यावा म्हणून खोक्याला भोक पाडून हेडफोनचं सॉकेट बसवायचं, असा पुतण्याचा बेत आहे. माझा त्याला सक्त विरोध. तो का, हे सांगायचं तर आधी विलायतेला जाऊन यावं लागेल.

क्लाइव्ह सिंक्लेअर (२०२१ साली वारले) हे स्वस्ताईचं वेड असलेले गृहस्थ. त्यांनी १९८० साली झेडएक्स ८० काढला तो शंभर पौंडांच्या आत बसवून. पुढच्या वर्षी झेडएक्स ८१ आला, तो त्याहून स्वस्त, सत्तर पौंडांच्या आत. हे दोन्ही संगणक मुके होते. रंग नाही आणि आवाजही नाही. एप्रिल १९८२ मध्ये स्पेक्ट्रम आला तेव्हा रंग आला आणि पहिल्यांदाच आवाजही आला. सोळा के स्मृतीचा १२५ पौंडांना आणि अठ्ठेचाळीस के स्मृतीचा १७५ पौंडांना. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये बीबीसीच्या नावाचा जो संगणक विकत मिळे तो याच्या दुप्पट किमतीचा. त्यात आवाजासाठी वेगळी चिप होती, तीन सूर एकदम काढणारी आणि शिवाय एक खरखर काढणारी. अमेरिकेतल्या कमोडोर ६४ मधली आवाजाची चिप तर आजही संगीतवाले डोक्यावर घेतात.

स्पेक्ट्रममध्ये आवाजाची चिपच नाही. हे मला समजलं तेव्हा फार गंमत वाटली. त्यात आहे एक छोटासा स्पीकर, आणि त्याला संगणक दोनच गोष्टी सांगू शकतो: पुढे सरक, मागे ये. मधलं काही नाही. हळू वाजव, जोरात वाजव हेही नाही. दाराची कडी वाजवल्यासारखं. कडी सेकंदाला दोन-तीनदा वाजवली तर टकटक ऐकू येते. तीच सेकंदाला अडीचशेवेळा वाजवता आली तर आपल्याला टकटक ऐकू येणार नाही, सूर ऐकू येईल. पाश्चात्त्यांचा मधला ‘सी’ म्हणजे सेकंदाला सुमारे २६१.६ कंपनं. स्पेक्ट्रमचा प्रोसेसर सेकंदाला पस्तीस लाख ठोके मोजतो. म्हणजे त्याने साधारण ६,६९० ठोके मोजायचे आणि स्पीकर पुढे ढकलायचा, परत तेवढेच मोजायचे आणि मागे घ्यायचा. असं करत राहायचं. मोजता मोजता दुसरं काही करायला तो मोकळाच नसतो. म्हणून ‘बीप’ ही आज्ञा दिली की सूर संपेपर्यंत पडद्यावरचं सगळं जागच्या जागी थांबतं. घरात एकच बाई असली आणि तिने दळण घेतलं की चूल थांबते, तसं! आणि आवाजाला कमी-जास्त करायचं बटणही नाही, कारण कमी-जास्त असं काही यंत्राच्या पोटातच नाही.

बरं, हा संगणक टीव्हीला जोडायचा. मग टीव्हीच्या स्पीकरमधून आवाज येईल असं वाटतं ना? नाही येत. टीव्हीकडे जाणाऱ्या वायरीतून फक्त चित्र जातं. त्यामुळे समोर मोठा टीव्ही, त्याला चांगला तळहाताएवढा स्पीकर, आणि आवाज येतोय कळफलकाच्या खालून, डासासारखा.

आता मागच्या बाजूची दोन भोकं. त्यांवर इअर आणि माइक अशी नावं आहेत. मला वाटायचं, इअर म्हणजे संगणकाचा कान आणि माइक म्हणजे आपण ज्यात बोलायचं ते. खरा प्रकार वेगळा आहे. ही नावं संगणकाची नव्हेतच, ती कॅसेट रेकॉर्डरची आहेत! त्या काळी प्रोग्राम साठवायचे साध्या ऑडिओ कॅसेटवर. रेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून निघालेली वायर संगणकाच्या इअरमध्ये, आणि संगणकाच्या माइकमधून निघालेली वायर रेकॉर्डरच्या माइकमध्ये. इअर ते इअर, माइक ते माइक, गिऱ्हाईक चुकायला नको. सासरी आलेल्या मुलीला जसं सासरच्या नावाने ओळखतात, तशी ही भोकं रेकॉर्डरच्या नावाने ओळखली जातात.

आणि खरी मेख इथेच आहे. काटकसरीपायी या यंत्रात कॅसेटचा आवाज आत घेण्याची, कॅसेटकडे आवाज पाठवण्याची आणि स्पीकर वाजवण्याची व्यवस्था एकाच मोठ्या चिपच्या एकाच पायावर आणून ठेवली आहे. त्यामुळे स्पीकरला जे जे ऐकवलं जातं ते ते इअर आणि माइक या दोन्ही भोकांतूनही बाहेर पडतं. इअरमधून जरा मोठ्याने, माइकमधून दबक्या आवाजात. म्हणजे ज्याला नाव कान, तो बोलतोसुद्धा!

हे काही कुणा हिकमती पोराने नंतर शोधून काढलेलं नाही. स्पेक्ट्रमबरोबर जे पुस्तक यायचं ते स्टीव्हन व्हिकर्स या गणितज्ञाने लिहिलेलं. त्याच्या एकोणिसाव्या प्रकरणात हे सगळं सांगितलेलं आहे. इअरच्या भोकात हेडफोन लावा, आतला स्पीकर मात्र त्याने बंद होणार नाही. फार जोराचा आवाज हवा असेल तर माइकच्या भोकातून अॅम्प्लिफायरला वायर द्या. आणि या दोन भोकांत वायरीला वायर लागली तरी यंत्राला इजा होत नाही, तेव्हा बिनधास्त करून बघा. यंत्राबरोबरच्या पुस्तकात इतक्या आपुलकीने लिहिलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. हल्लीच्या पुस्तिकांत निम्मी पानं ‘हे करू नका’ यातच जातात. भाऊजींनी त्या पुस्तकाची झेरॉक्स कुठून तरी मिळवली होती. स्पायरल बाइंडिंग केलेली, आणि एकोणिसावं प्रकरण हळदीच्या डागांसकट. ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसूनच सगळं करायचे.

आता आमच्या शाळेचं सांगते. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांत संगणक आणायची ‘क्लास’ नावाची योजना काढली होती. सुरुवातीला देशभरातल्या २५० शाळांत बीबीसीचे संगणक आले. आमची शाळा सातारा जिल्ह्यातली, मराठी माध्यमाची, पत्र्याच्या छपराची. त्या अडीचशेंत आम्ही नव्हतो हे सांगायला नकोच. मुलांनी संगणक पाहिला तो भाऊजींचा. १९९० च्या हिवाळ्यात आठवीच्या वर्गावर ते तो पिशवीतून घेऊन आले, आणि टीव्ही आणला शेजारच्या घरातून, हातगाडीवर.

वर्गात मुलं साठ. चित्र सगळ्यांना दिसलं, पण आवाज पहिल्या दोन बाकांपलीकडे जाईना. मागची मुलं उठून उभी राहिली, मग पुढची ओरडायला लागली, आणि गोंगाटात होता तो आवाजही गेला. भाऊजींनी हे आधीच ओळखलेलं असावं. गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून त्यांनी एक वायर करून आणली होती. एका टोकाला बारकी पिन, दुसऱ्या टोकाला शाळेच्या अॅम्प्लिफायरला चालेल अशी जाडी पिन. प्रार्थनेचा आणि पंधरा ऑगस्टचा तो अॅम्प्लिफायर. माइकच्या भोकातून वायर दिली, कर्णा खिडकीत ठेवला, आणि सा रे ग म प ध नी सा असं त्या यंत्राने अख्ख्या मैदानाला ऐकवलं. कापडाच्या दुकानातली माणसंही बाहेर आली. आवाज काही गोड नव्हता. सनईत खडे भरल्यासारखा. पण मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, हा गातोय की मोजतोय?”

मी इतक्या वर्षांत ऐकलेल्या प्रश्नांत हा फार वरचा. भाऊजींनी तिला फळ्याशी बोलावलं आणि तो ६,६९० चा हिशेब तिच्याकडूनच भागाकार करून काढून घेतला. त्या दिवशी कर्णा नसता तर हा प्रश्न मागच्या बाकावरून आलाच नसता. बाहेरचा स्पीकर म्हणजे हौसेची चैन असं मला कधी वाटत नाही, ते यामुळे.

कॅसेटचंही सांगायला हवं, कारण तोही आवाजच. प्रोग्रामची कॅसेट साध्या टेपरेकॉर्डरवर लावली तर आधी एकसुरी लांब शिट्टी ऐकू येते, सेकंदाला सुमारे ८०७ कंपनांची, आणि मग किर्रर्र करत चिरकणं. त्या चिरकण्यात शून्य आणि एक असे दोनच आकडे असतात. शून्याचा सूर सुमारे २,०४७ कंपनांचा आणि एकचा १,०२३ चा. म्हणजे बरोबर निम्मा! आपल्या भाषेत, एकाचा सा आणि शून्याचा त्याच्या वरच्या सप्तकातला सा. भाऊजी पेटी वाजवत. त्यांना हे कळलं त्या दिवशी त्यांनी घरात सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं, आणि आम्ही कुणीच त्याला हवा तेवढा प्रतिसाद दिला नव्हता. असो.

अठ्ठेचाळीस के चा प्रोग्राम चढायला पाचेक मिनिटं लागत, आणि चढताना आतल्या स्पीकरमधून तो अगदी क्षीण ऐकू येई. तो ऐकूनच कळायचं की गाडी रुळावर आहे की नाही. टेपचं हेड वाकडं बसलं की आवाज मातीत गाडल्यासारखा दबका येतो. मग बारक्या पेचकसाने हेडचा स्क्रू एका बाजूला, दुसऱ्या बाजूला फिरवत आवाज जास्तीत जास्त लख्ख होईल तिथे थांबायचं. तंबोरा लावण्यासारखंच काम. युरोपात तर काही रेडिओ केंद्रांवरून हे चिरकणं प्रसारित करत आणि लोक ते घरी टेप करून घेत. हॉलंडमध्ये होतं, युगोस्लाव्हियात बेलग्रेडलाही होतं.

विलायतेत त्या बारीक आवाजावर लोक गप्प बसले नाहीत. टीव्हीतून आवाज काढून देणारी खोकी निघाली, मागच्या फटीत खोचून तीन सूर काढणारी खोकी निघाली. पण मला कौतुक वाटतं ते वायर न जोडता जिंकणाऱ्यांचं. १९८३ साली मॅथ्यू स्मिथ या पोरसवदा मुलाने ‘मॅनिक मायनर’ हा खेळ लिहिला. त्याने सुरावटीचे इतके बारीक तुकडे केले की चित्र हलता हलता मधल्या फटींत ते वाजून जावेत. खेळ थांबत नाही आणि गाणंही सुटत नाही. पुढे टिम फॉलिनसारख्यांनी त्या एका कडीतून दोन-तीन सूर एकदम वाजत असल्याचा भास निर्माण केला. ब्रिटनमध्ये १९८६ साली स्पेक्ट्रम १२८ आला तेव्हा त्यात आवाजाची चिप बसली, आवाज टीव्हीतून येऊ लागला आणि आतला स्पीकर गेला. त्याच वर्षी सिंक्लेअरने संगणकाचा धंदा अॅमस्ट्रॅडला विकला.

आता पुतण्याच्या बेताकडे. भोक पाडायचं नाही, हे माझं म्हणणं तुम्हाला कळलं असेल. भोक आहेच! शिवाय ही खोकी उघडणं धोक्याचं. कळफलकाखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या इतक्या वर्षांत पापडासारख्या झालेल्या असतात, ओढल्या की तुटतात. ज्यांच्याकडे अशी यंत्रं असतील त्यांच्यासाठी, पुतण्याने आणि मी दोन रविवार बसून जे करून पाहिलं ते सांगते.

हल्लीचे हेडफोन इअरमध्ये घातले की एकाच कानात आवाज येतो. यंत्र बिघडलेलं नसतं. ते भोक एका वाटेचं आहे आणि पिन दोन वाटांची, त्यामुळे उजव्या कानाची वाट जमिनीला टेकते. दोन्ही कान एकत्र बांधणारा छोटा अॅडॅप्टर बाजारात मिळतो, तो मधे घालायचा. तरी आवाज बेताचाच येतो. त्यापेक्षा चांगलं म्हणजे स्वतःच्या विजेवर चालणारे, फोनला वायरीने जोडतात तसले छोटे स्पीकर घ्यायचे आणि ते माइकच्या भोकाला जोडायचे. हेडफोन हवेच असतील तर त्या स्पीकरच्या भोकातून घ्यायचे. मग आवाज कमी-जास्त करायचं बटण आपोआप मिळतं, जे सिंक्लेअरने दिलंच नव्हतं. बटण आधी पार खाली ठेवा, कारण हा आवाज कडांना धारदार असतो, कानाला बोचतो. (माझ्या डाव्या कानात यंत्र आहे, मी तर हेडफोनच्या वाटेला जात नाही.) प्रोग्राम कॅसेटवर उतरवताना इअरची वायर काढून ठेवलेली बरी. आणि कृपा करून घरात पडलेला कुठलाही चार्जर याला लावू नका. हा नऊ व्होल्टचा आणि याची मधली पिन ऋण असते, बहुतेक चार्जरांच्या उलट.

की दाबल्याचा टिकटिक आवाज ऐकू येत नाही अशी तक्रार असेल तर त्याला वायरही लागत नाही. पोक २३६०९,२५५ असं लिहायचं, टिक् चं पीं होतं.

हे सगळं जमल्यावर आम्ही भाऊजींची कॅसेट चढवली. तिसऱ्या खेपेला चढली. तिच्यात भूप आहे. बीप या आज्ञेला दोन आकडे द्यावे लागतात, किती वेळ आणि कुठला सूर. मधला सी म्हणजे शून्य, आणि पुढची प्रत्येक पट्टी एकाने वर. म्हणजे पेटीप्रमाणे भूप ०, २, ४, ७, ९, १२ असा होतो. पण व्हिकर्सच्या त्या प्रकरणात एक वाक्य असं आहे की भारतासारख्या ठिकाणच्या संगीतात पट्ट्यांच्या मधले सूर लागतात, आणि तेही बीपला अपूर्णांकात देता येतात. झेरॉक्सवर या वाक्याखाली भाऊजींनी लाल पेनाने दोन रेघा मारल्या आहेत. पेटीवाल्याला हा विषय जिव्हारी लागलेला असतो. १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं होतं, ते तिचे सूर बांधलेले असतात म्हणून.

कॅसेटवर भूप दोनदा आहे. पहिल्यांदा पेटीचा. दुसऱ्यांदा गळ्याचा: ०, २.०४, ३.८६, ७.०२, ८.८४, १२. पेटीचा गंधार ३२९.६ कंपनांचा, हा साधारण ३२७ चा. आतल्या डासाच्या आवाजात मला दोन्ही सारखेच वाटायचे, आणि भाऊजी सांगायचे तेव्हा मी नुसती मान हलवायची. आता स्पीकरवर, पुतण्याने पेटीचा सा धरून ठेवला, तेव्हा दुसरा गंधार सामध्ये जाऊन बसल्यासारखा झाला. एका कानाच्या बाईलाही कळलं.

धैवतावर मात्र त्यांचं स्वतःशीच भांडण चाललेलं दिसतं. त्यांच्या वहीत धैवतापुढे ८.८४ लिहून खोडलं आहे, मग ९.०६ लिहून तेही खोडलं आहे, आणि त्यापुढची जागा कोरी आहे. कॅसेटवर ८.८४ आहे. पुतण्याने परवा ९.०६ घालून वाजवून पाहिलं. त्याला तो जास्त आवडला, मला नाही.